कुंपण एकदाच घालायचे असेल तर

वाचकांचे प्रश्न : घरबांधणी आणि देखभाल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कळंबा परिसरात आमचे बैठे घर आहे. प्लॉट चार गुंठ्यांचा, साधारण ६६ बाय ६६ फूट आहे. एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत आहे. उरलेल्या तीन बाजूंना, म्हणजे जवळपास २०० फूट लांबीला, लोखंडी अँगल आणि काटेरी तार असे जुने कुंपण असून रस्त्याच्या बाजूला लाकडी फळ्या आहेत. फळ्यांना वाळवी लागली आहे आणि अँगल जमिनीलगत गंजल्यामुळे हाताने हलतात. पश्चिमेची बाजू दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तापते. आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत, मुलगा पुण्याला असतो आणि दर दोन वर्षांनी रंगारी शोधणे आता आमच्याने होत नाही. फॅब्रिकेटर एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची, ग्रिल घ्या म्हणतात, मुलगा यूपीव्हीसी या कडक प्लॅस्टिकच्या पांढऱ्या फळ्यांची चित्रे पाठवतो आणि शेजारी प्रीकास्ट भिंतीचा आग्रह धरतात. जागा पूर्वी शेताची होती. वर दोन-अडीच हात काळी माती आणि खाली मुरूम लागतो. एकदा थोडा जास्त खर्च झाला तरी चालेल, पण नंतर त्याला हात लावावा लागू नये. कोणते साहित्य निवडावे?
(एक वाचक, कळंबा, कोल्हापूर)

उत्तर : अँगल जमिनीलगत गंजले आहेत, हे आपण ओघात लिहिले आहे, पण निवडीची सुरुवात तिथूनच करावी लागेल. अँगलचा वरचा सगळा भाग वर्षानुवर्षे उन्हापावसात उभा राहतो आणि मातीला टेकणारे दोन इंच तेवढे खाल्ले जातात, याचा अर्थ कोणतेही साहित्य सगळीकडे सारखे झिजत नाही. लाकूड मातीत कुजते, लोखंड पायथ्याशी आणि वेल्डिंगच्या जागी गंजते, प्लॅस्टिक जिथे आवळून बसवले तिथे तडकते आणि विटांच्या भिंतीत माथ्यावरून पाणी मुरते. म्हणून दुकानदाराला ‘हे किती वर्षे टिकेल’ असे विचारण्याऐवजी ‘हे आधी कुठे बिघडेल, आणि तेवढीच जागा दुरुस्त करता येईल का’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात.

उष्ण हवेसाठी म्हणून जे सल्ले दिले जातात ते बहुधा कोरड्या उष्णतेचे असतात, आणि आपल्याकडची उष्णता तशी नाही. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो. परंतु त्याच दिवसांत संध्याकाळी वळीव कोसळतो आणि हात लावू न देणारी लोखंडी पट्टी पाच मिनिटांत थंड होते. जूनपासून पुढे चार महिने ओल हटत नाही. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि गगनबावड्याच्या दिशेने सरकावे तसा तो झपाट्याने वाढत जातो. कुंपणाला नुसत्या उन्हाने जेवढे होत नाही तेवढे या तापण्या-निवण्याने आणि त्यामागून येणाऱ्या ओलीने होते. जमेची बाजू एवढीच, की समुद्र घाटापलीकडे असल्याने खारी हवा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे कोकणात जे साहित्य पाच वर्षांत हात टेकते ते इथे बरेच टिकू शकते.

आता आपल्या चिरंजीवांच्या पांढऱ्या फळ्यांकडे वळू. यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही, तो गंजत नाही आणि त्याला रंग लागत नाही, हे तिन्ही दावे खरे आहेत. अडचण त्याच्या फुगण्यात आहे. आठ फुटांची फळी सकाळी २० अंशांवर असेल आणि दुपारी ५० अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे पाच मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीची लोखंडी पट्टी एक मिलिमीटरही पुरती लांबत नाही. त्यामुळे फळीच्या दोन्ही टोकांना खांबाच्या खाचेत मोकळी जागा सोडावी लागते आणि स्क्रूचे भोक लांबट ठेवावे लागते. आपल्याकडचे कारागीर मात्र सवयीने फळी घट्ट बसवतात, कारण हलणारी फळी त्यांना कच्च्या कामाची खूण वाटते. अशी आवळलेली फळी पहिल्याच उन्हाळ्यात धनुष्यासारखी वाकते. शिवाय हे प्लॅस्टिक ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणून चॉकलेटी किंवा करड्या रंगाची फळी पश्चिमेच्या उन्हात लावूच नये, पांढरी किंवा मलई रंगाचीच घ्यावी. चांगल्या मालात सूर्याची अतिनील किरणे शोषण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड पुरेसे घातलेले असते. स्वस्त मालात त्याची जागा खडूची भुकटी घेते आणि काही उन्हाळ्यांनंतर फळीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. आपल्या गावात तीन-चार उन्हाळे काढलेले असे कुंपण कुठे असेल, तर खरेदीआधी जाऊन त्यावरून एकदा हात फिरवून यावा. माझे मत विचाराल, तर रस्त्याकडच्या छोट्या दर्शनी भागाला हे साहित्य ठीक आहे, दोनशे फुटांना नाही. कारण चेंडू लागून वा गाडी मागे घेताना एक फळी फुटली, तर त्याच मापाची आणि त्याच छटेची फळी दहा वर्षांनी मिळणे कठीण असते. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांनाही हेच लागू आहे. त्यांचा रंग पहिल्या वर्षभरातच उतरतो आणि त्या गडद असल्याने दुपारी चांगल्याच तापतात.

लोखंडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण फसगत तिथेच जास्त होते. साध्या एमएस ग्रिलला रंग हेच एकमेव चिलखत असते. ते चिलखत उन्हाने तडकते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगेतून आत शिरते. आपल्याला रंगारी शोधायचा नसेल, तर साधी एमएस ग्रिल आपल्यासाठी नाही. त्यावर पावडर कोटिंग केले तरी खाली जस्त नसेल, तर एका टवक्यातून गंज पापुद्र्याखाली पसरतो आणि ते ब्रशने सुधारताही येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड मात्र वेगळे. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, त्यामुळे लहानसा ओरखडा पडला तरी आतले लोखंड वाचते.

पण बाजारात ‘जीआय’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तयार वस्तू सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली, ज्याला हॉट डिप म्हणतात. तिच्यावर साधारण ६० ते ८५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा थर बसतो. दुसरी म्हणजे आधीच मुलामा दिलेल्या पत्र्यापासून वळवलेली जीपी पाइप. नेहमीच्या १२० ग्रॅमच्या (म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला तेवढे जस्त असलेल्या) पत्र्यावर एका बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन जस्त असते. घाटमाथ्याच्या अलीकडच्या आपल्या हवेत जस्त वर्षाला एक मायक्रॉनच्या आसपास झिजते असे धरले, तर पहिली वस्तू दोन पिढ्या जाते आणि दुसरीला दहा वर्षांच्या आतच रंगाची गरज लागते. ओळखायचे कसे? कापलेल्या टोकातून पाइपच्या आत पाहावे. हॉट डिप पाइप आतूनही राखाडी, किंचित खडबडीत दिसते आणि कडेला कुठेतरी जस्ताचा ओघळ थिजलेला असतो. जीपी पाइप बाहेरून गुळगुळीत, चकचकीत असते, पण आत सांध्याची काळसर रेघ उघडी असते.

यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. माझ्या घराच्या मागच्या बाजूला मी जीआय पाइपच आणवली होती, मापे घेतली होती, सगळे नीट केले होते. पण जोडणीच्या दिवशी जागेवर नव्हतो. फॅब्रिकेटरने प्रत्येक सांधा वेल्डिंगने जोडला आणि वर चंदेरी रंगाचा फवारा मारून दिला. वेल्डिंगच्या आचेने जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते आणि नेमका तोच इंचभर भाग उघडा पडतो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक सांध्याखाली तांबड्या गंजाचा एकेक ओघळ उतरलेला होता. लांबून पाहणाऱ्याला कुणी कुंकवाची बोटे ओढली आहेत असे वाटावे. म्हणून सांगतो, चौकटी आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवून आणाव्यात आणि जागेवर फक्त नट-बोल्टने जोडाव्यात. बंद तोंडाच्या पाइपला बुडवण्यापूर्वी भोके पाडावी लागतात, नाहीतर आतली हवा आणि ओल तापून पाइप फुटण्याचा धोका असतो; फॅब्रिकेटरला याची कल्पना आहे का, हे विचारले की त्याचा अनुभव कळतो. एखादे वेल्डिंग टाळता येणारच नसेल, तर तिथे जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्यावेत. चंदेरी रंग म्हणजे जस्त नव्हे.

शेजाऱ्यांची प्रीकास्ट भिंत वाईट नाही, पण आपल्या मातीत तिची परीक्षा होईल. खाचेचे खांब उभे करून त्यांत दोन इंची पट्ट्या सरकवल्या की दोन दिवसांत काम होते आणि रंगाची गरजही नसते, म्हणून ती सोयीची वाटते. काळी माती मात्र पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन फुटांच्या खड्ड्यात रोवलेला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो आणि मग पट्ट्या खाचेतून निसटू लागतात. शेतजमिनीवर नव्याने झालेल्या वसाहतींतून फिरताना अशा भिंती दारू प्यायल्यासारख्या उभ्या दिसतात. त्यात दोष काँक्रीटचा नसून खड्ड्याचा असतो. खांब मुरमापर्यंत गेलेच पाहिजेत. पट्टी घेताना तिच्या कडा नखाने खरवडून पाहाव्यात, आणि कुठे आतली तार डोकावत असेल तर तो माल परत पाठवावा, कारण ती तार गंजली की वरचे काँक्रीट टवक्यांनी सुटते.

गिलावा आणि रंग केलेली विटांची भिंत आपल्या अटीत बसत नाही, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही.

दगड मात्र बसतो. आपल्याकडचा काळा दगड किंवा आजरा-चंदगडकडून आणि कोकणातून येणारा जांभा, दोन्हींना गिलावा लागत नाही आणि रंगही लागत नाही. जांभा खाणीतून काढल्यावर हवेने आणखी कठीण होतो; पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरते, पण आपल्या उन्हाळ्यात ते आपसूक वाळून जाते, आणि मला स्वतःला ती भिंत हिरवी झालेलीच आवडते. दोन्हींत दरजा सिमेंटने नीट भरून घ्याव्यात आणि माथ्यावर उताराची कॉपिंग, म्हणजे भिंत झाकणारा थर, करावी. कॉपिंग भिंतीबाहेर दोन इंच काढून तिच्या खालच्या बाजूला एक खाच ठेवली, की पाणी भिंतीवरून न ओघळता खाचेपाशीच तुटून खाली पडते. हे काम अर्ध्या दिवसाचे असते आणि नेमके तेच राहून जाते.

या सगळ्यावरून आपल्यासाठी माझा सल्ला असा आहे. दर आठ फुटांवर मुरमापर्यंत खड्डा घेऊन त्यात काँक्रीटचे आखूड खांब उभारावेत, त्यांच्यावर आरसीसीची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची, पट्टी टाकावी आणि पट्टीखालची काळी माती वीतभर काढून तिथे सैल वाळू भरावी, म्हणजे फुगणारी माती पट्टीला वर ढकलणार नाही. दर वीस-पंचवीस फुटांवर अर्ध्या इंचाची फट सोडावी. पट्टीवर दोन फूट दगडी बांधकाम करून त्याच्या माथ्यावर हॉट डिप केलेल्या पाइपचे खांब तळपट्टी व बोल्टने बसवावेत, आणि त्यांना १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तारेची, दोन इंची भोकांची चेनलिंक जाळी लावावी. १२ गेजची जाळी स्वस्त पडते, पण मुले चढली की पोट काढते. जाळी घेतानाही जस्ताचा जड मुलामा असलेली मागावी. अशा रचनेत लोखंड मातीला कुठेच टेकत नाही, त्यामुळे आपले जुने अँगल जिथे गेले ती जागाच उरत नाही.

रस्त्याच्या बाजूला आडोसा हवा असेल, तर दगडी भाग वाढवता येईल, पण मर्यादेत. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार कुंपणभिंत दर्शनी रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटरपर्यंत उंच चालते, आणि वरचे ०.९ मीटर जाळीसारखे खुले ठेवल्यास एकूण २.४ मीटरपर्यंत नेता येते. काम सुरू करण्यापूर्वी नगररचना विभागात किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

पश्चिमेला भरीव भिंत मुळीच घालू नये. ती दुपारभर ऊन पिते आणि रात्री नऊ-दहापर्यंत ते अंगणात परत सोडत राहते. शिवाय संध्याकाळचा पश्चिमेचा वारा अडतो तो वेगळाच. तिथे दोन फूट दगड, वर जाळी आणि जाळीवर कृष्णकमळ किंवा संक्रांतवेल चढवावी. मधुमालती दिसायला सुरेख असली तरी तिची खोडे जाड होऊन जाळीला ओढतात, म्हणून ती टाळावी. नुसते मेंदीचे किंवा शेराचे जिवंत कुंपण मला मनापासून आवडते, पण मेंदीला कात्री आणि मे महिन्यात पाणी लागते, आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा करतो. आपल्या अटीत दोन्ही बसत नाहीत.

प्रश्न : आमच्या घराला आठ वर्षांपूर्वी एमएसची ग्रिल लावली आहे. ती जागोजागी गंजली आहे. काढून टाकून ॲल्युमिनियमची बसवावी का? दरवर्षी मे महिन्यात आम्ही रंग देतो, तरी पोपडे निघतातच.
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : काढण्याची घाई करू नये. गंजलेल्या जागी पेचकसाच्या टोकाने जोर देऊन पाहावा; टोक आत गेले नाही तर लोखंड अजून शाबूत आहे. पोपडे निघण्याचे कारण बहुतेक आपल्या प्रश्नातच आहे. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या ग्रिलवर रंगाचा वरचा थर लगेच सुकतो आणि आतला ओला राहतो, मग तो फुगून सुटतो. त्यात वळिवाची ओल पट्ट्यांमध्ये अडकलेली असली तर विचारायलाच नको. हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत, सकाळचे दव वाळल्यावर करावे. जुना सुटलेला रंग तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा, त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर द्यावा आणि वर फिकट रंगाच्या एनॅमलचे दोन हात द्यावेत. गंजावरच रेड ऑक्साइडचा एक हात फिरवून दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यापुरताच असतो.

ॲल्युमिनियम आपल्या हवेत उत्तम टिकते, हे खरे आहे. महाग असते हेही खरे, आणि भंगाराला चांगला भाव असल्याने रात्री गायब होण्याची धास्तीही राहते. बसवायचेच झाले, तर ओल्या सिमेंटमध्ये थेट रोवू नये, कारण ताज्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. खाली हॉट डिप लोखंडाची बैठक, मध्ये रबराचा तुकडा आणि ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असावेत. २०२ प्रतीचे स्क्रू स्वस्त असतात, पण पावसाळ्यात त्यांच्यावर चहाच्या डागांसारखे डाग धरतात.

प्रश्न : नागाळा पार्क भागात आमच्या घरात २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पुराचे पाणी आले. दुसऱ्या वेळी नऊ इंची कुंपणभिंत आडवी झाली. नवीन भिंत आणखी उंच आणि जाड बांधावी, असे घरात ठरत आहे. हे योग्य आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : उंच आणि जाड भिंतीने पाणी थांबत नाही, फक्त भिंतीवरचा भार वाढतो. भिंतीच्या एका बाजूला पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा एक मीटर उंच झाले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा येतो. फरक दोन मीटर झाला तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते; एवढ्या पाण्याला कुंपणाने अडवण्याचा विचार सोडून द्यावा आणि त्याला वाट द्यावी. गुडघ्याएवढी दगडी भिंत, तिच्यात जमिनीलगत दर सहा फुटांवर वीतभर रुंदीची भोके आणि वर चेनलिंक जाळी, असे कुंपण आपल्याला उन्हाळ्यातही सोयीचे पडेल, कारण त्यातून वारा खेळतो.

जाळीचा एकच त्रास असतो. पुरात वाहून येणारे उसाचे पाचट आणि जलपर्णी तिच्यात अडकते, ती गच्च भरली की भिंतीसारखीच पाण्यासमोर उभी राहते आणि खांब वाकवते. त्याचा उपाय चेनलिंकच्या विणीतच आहे. पाणी चढू लागल्याचे कळताच रस्त्याकडच्या व नाल्याकडच्या बाजूची टोकाची एक तार पक्कडीने फिरवत वर ओढून काढावी. तेवढ्याने जाळी सुटी होते आणि गुंडाळून गच्चीवर ठेवता येते. पाणी ओसरल्यावर खांबांवरचा गाळ ओला असतानाच पाइपने धुऊन टाकावा, जाळी परत ताणावी आणि तीच तार वरून फिरवत खाली घालावी, म्हणजे दोन्ही तुकडे पूर्वीसारखे एकमेकांत गुंफले जातात.